'व्होलाटाइल लावा, काम झालं' म्हणे! ससा-कासव थ्रेडच्या मेसेजला उत्तर

जावाच्या लॅबमधलं ते ससा-कासवाचं असाइनमेंट माहितीये ना, दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं), दोघंही रँडम पावलं टाकत पळतात आणि आधी पोचेल तो विनर. त्यावरचा एक मेसेज ग्रुपाग्रुपातून फिरत असतो, सबमिशन जवळ आलं की हमखास वर येतो. त्यात म्हटलंय: अंतराच्या व्हेरिएबलला जावाचा व्होलाटाइल हा शब्द लावा, मग कुठल्याही थ्रेडमधून बिनधास्त कंपेअर करा, विनर नल (म्हणजे रिकामा) असेल तर आपलं नाव टाका, बरोबरी बघायला डबल इक्वल (==) वापरा, शंका असेल तर प्रिंटएलएन (स्क्रीनवर छापायची मेथड) टाकून खात्री करा, सशाला फास्ट करायचं तर थ्रेडला प्रायॉरिटी 10, म्हणजे सगळ्यात वरची, द्या. पाच सल्ले, आणि त्यातला पहिला तेवढा अर्धा बरोबर.

आधी तो अर्धा घेऊ. व्होलाटाइल लावलं की एका थ्रेडने लिहिलेली व्हॅल्यू दुसऱ्याला दिसते, जावा 5 मध्ये म्हणजे 2004 साली मेमरी मॉडेल (कुठल्या थ्रेडला काय कधी दिसेल याचे नियम) नव्याने लिहिलं तेव्हापासून ही गॅरंटी पक्की आहे. यावर काहीजण लगेच ओरडतात की प्लस-प्लस (आकडा 1 ने वाढवणं) अॅटॉमिक, म्हणजे एका दमात होणारं, नसतं, वाचा-वाढवा-लिहा अशा तीन पायऱ्या असतात. खरंय, पण इथे सशाचं अंतर फक्त सशाचाच थ्रेड लिहितो, कासवाचं कासवच, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही, उगाच बाऊ नको. बिघडतं ते कंपेअर करताना. समजा कॉमेंट्रीसाठी तिसरा थ्रेड ठेवलाय, तो बघतोय पुढे कोण. त्याने सशाचं अंतर वाचलं, 40. नेमकं इथेच ऑपरेटिंग सिस्टीमने त्याला बाजूला बसवलं. तेवढ्यात ससा 55 वर गेला, मग कासव 38 वरून 43 वर आलं. आपला थ्रेड परत आला, कासवाचं वाचलं, 43. आता 40 विरुद्ध 43, की लगेच स्क्रीनवर 'कासव पुढे'! अख्ख्या रेसमध्ये कासव एक क्षणसुद्धा पुढे नव्हतं. वाचलेले दोन्ही आकडे खरे, जोडी मात्र खोटी, कारण ते दोन आकडे एकाच वेळी कधी नव्हतेच. व्होलाटाइल एकेका व्हॅल्यूची हमी देतं, दोन व्हॅल्यूंच्या जोडीची नाही.

म्हणून दोन्ही अंतरं बदलायची आणि वाचायची ती एकाच लॉकखाली (लॉक एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडतो). इथे अजून एक गंमत होते, पोरं प्रत्येक रनरच्या मेथडवर सिंक्रोनाइझ्ड (लॉक घ्यायला लावणारा जावाचा शब्द) लावतात आणि खूश होतात, पण तो लॉक त्या त्या ऑब्जेक्टचा असतो, सशाचा वेगळा, कासवाचा वेगळा, म्हणजे कोणी कोणाला अडवतच नाही. कॉमन लॉक ऑब्जेक्ट पाहिजे. नाहीतर फेरीफेरीने पळवा: सायक्लिकबॅरियर घ्या, प्रत्येकाने एक पाऊल टाकून थांबायचं, सगळे आले की बॅरियरची अॅक्शन एकदाच चालते, सगळे उभे असताना तिथे निवांत कंपेअर करा, टाय झाला तर तोही तिथेच कळतो.

विनरचं तर त्याहून वाईट. सशाने बघितलं, विनर नल आहे. अजून लिहिलं नाही तोवर कासवानेही बघितलं, नलच आहे. कासवाने नाव टाकलं, 'कासव जिंकलं' छापलं. मग ससा जागा झाला, त्याने तर आधीच तपासलेलं, त्यामुळे बेधडक आपलं नाव टाकलं आणि तोही जिंकला. दोन विजेते छापले गेले, व्हेरिएबलमध्ये उरला ससा. विनर व्होलाटाइल असला तरी हेच होणार, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट आहे. अॅटॉमिकरेफरन्स हा जावाचा तयार क्लास घ्या आणि त्याच्या कंपेअरअँडसेट मेथडला नल आणि आपलं नाव द्या, दोन्ही कामं एका दमात होतात आणि ट्रू फक्त एकालाच मिळतं. ज्याला ट्रू मिळालं त्यानेच 'जिंकलो' छापायचं, बाकीच्यांनी गप बसायचं.

डबल इक्वलचा सल्ला ज्याने दिला त्याने बहुतेक ट्रॅक 100 मीटरचाच ठेवला असणार. अंतरं मॅपमध्ये (नाव-आकडा अशा जोड्या ठेवायची जागा) ठेवली की साध्या इंट आकड्यांचे इंटिजर ऑब्जेक्ट होतात, आणि जावा उणे 128 ते 127 पर्यंतचे इंटिजर कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेले तेच ते ऑब्जेक्ट, देतं, म्हणून दोघं 100 वर असले की डबल इक्वल ट्रू येतं. ट्रॅक 500 चा करा, दोघं 500 वर उभे आणि उत्तर फॉल्स, कारण आता दोन वेगळे ऑब्जेक्ट आहेत आणि तुम्ही व्हॅल्यू नाही, रेफरन्स (ऑब्जेक्ट तोच आहे का ते) कंपेअर करताय. यात थ्रेडचा काडीचा संबंध नाही, पण दोन दोन दिवस लोक थ्रेडलाच शिव्या देत बसतात. इक्वल्स वापरा किंवा इंट काढून घ्या.

प्रिंटएलएन टाकून खात्री? अहो, प्रिंटएलएन आतमध्ये लॉक घेतं, त्यामुळे ते टाकल्यावर टायमिंगही बदलतं आणि जेआयटी कंपायलरचं (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड वेगवान करणारा भाग) ऑप्टिमायझेशनही. साधा, व्होलाटाइल नसलेला फ्लॅग (हो-नाही सांगणारं व्हेरिएबल) बघणारा व्हाइल लूप कधीच न थांबणारा होऊ शकतो, कारण कंपायलर तो फ्लॅग एकदाच वाचून ठेवतो. आत प्रिंटएलएन टाकलं की शहाण्यासारखा थांबतो, काढलं की परत लटकतो. स्लीपवरही (थ्रेडला थोडा वेळ झोपवणं) भिस्त ठेवू नका, जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्लीपमुळे कुठलंही सिंक्रोनायझेशन (थ्रेडमधला ताळमेळ) होत नाही. आणि छापण्याचा क्रम म्हणजे पोचण्याचा क्रम नव्हे, पोचल्यावर आणि छापण्याआधीही थ्रेड अडकू शकतो.

प्रायॉरिटी 10 चं थोडक्यात. ती फक्त सूचना असते, लिनक्सवर तर हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा चालवणारं नेहमीचं इंजिन) डिफॉल्ट सेटिंगला तिच्याकडे बघतही नाही. ससा फास्ट हवा तर त्याचं पाऊल मोठं करा की राव. उलट सुरुवात सारखी आहे का ते बघा, ज्याचा स्टार्ट आधी कॉल होतो तो बहुतेक वेळा आधीच निघालेला असतो, म्हणून 1 चा काउंटडाउनलॅच (आकडा शून्य होईपर्यंत सगळ्यांना अडवणारं फाटक) लावून सगळ्यांना एकदम सोडायचं.

आणि फक्त शेवटचे आकडे कंपेअर करायचे असतील तर एवढा खटाटोप नकोच, मेनमध्ये दोन्ही थ्रेडवर जॉइन करा (म्हणजे ते संपेपर्यंत थांबा) आणि मग साधे इंट वाचा. थ्रेडने संपेपर्यंत जे जे लिहिलं ते जॉइननंतर दिसणारच, व्होलाटाइलसुद्धा लागत नाही.