नक्कल, खिल्ली आणि वीस गुण

जुन्या सहकारी शिक्षकांशी फोनवर बोलताना ते वीस गुण वर्षातून एकदा तरी निघतातच. दहावीच्या भाषा विषयांचे, शाळेने द्यायचे तोंडी परीक्षेचे २० गुण मंडळाने काढले आणि २०१९ चा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी गुण परत आले. तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, ही खिरापत आहे. दुसरा म्हणतो, मुलाचं बोलणं ऐकायची तेवढीच जागा उरलीय. मी पहिल्या तटातला. खिरापत वाटणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे ऐकीव काही नाही.

आता मी इंग्लंडमधल्या एका शाळेत वर्गसहायक आहे. पहिल्या तटाला हवं ते सगळं इथे आहे. जीसीएसई म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा; तिच्यातल्या इंग्रजीच्या श्रेणीत बोलण्याचे गुण २०१४ पासून धरत नाहीत, त्याचा शेरा वेगळा मिळतो. साहित्याची लेखी परीक्षा २०१७ पासून पुस्तकाविना. एक कविता प्रश्नपत्रिकेत छापलेली असते, तिची तुलना पाठ असलेल्या दुसरीशी करायची. गटात लिहिण्याला अर्थातच शून्य गुण.

तरीही परवा चौदा-पंधरा वर्षांची चार मुलं एका कागदाभोवती बसून भांडत होती. कविता शेलीची, ‘ओझिमँडियस’: वाळवंटात मोडून पडलेला राजाचा पुतळा. चौघांनी मिळून एकच परिच्छेद लिहायचा, आणि दुसऱ्याचं वाक्य विचारल्याशिवाय खोडायचं नाही. भांडण कवितेतल्या ‘मॉक्ड’ या एका शब्दावरून. एकीने लिहिलं होतं, शिल्पकाराने राजाची खिल्ली उडवली. शेजारचा म्हणाला, छे, त्याने फक्त चेहरा हुबेहूब उतरवला. कोश उघडला तर दोन्ही अर्थ निघाले. मग कोणाचं वाक्य ठेवायचं? तिसरी म्हणाली, इतका हुबेहूब उतरवला की तीच खिल्ली झाली. ते वाक्य राहिलं. चौथा तेवढा वेळ समासात पुतळ्याचे दोन पाय काढत होता. ऐतखाऊ इथेही असतात.

मी मागे उभा होतो आणि डोक्यात एकच शब्द घुमत होता: नक्कल. आपण एखाद्या मास्तरांची नक्कल करतो तेव्हा हुबेहूबपणा आणि टिंगल वेगळी काढता येते का? त्या मुलांना ज्याला पंधरा मिनिटं लागली, ते मराठी मुलाच्या तोंडात आयतं आहे. पण माझ्या वर्गात इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की मी दटावायचो. रसग्रहण म्हणजे कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आणि ते मी फळ्यावर लिहून द्यायचो. चाळीस वह्यांत चाळीस वेळा तेच.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण हा इथला साचा, आणि परीक्षा जवळ आली की ही मुलंसुद्धा ओळी घोकत बसतात. त्या चौघांचा परिच्छेद कोणी तपासलाही नाही. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि तिसरीला विचारलं, ‘इतका’ म्हणजे किती? चेहऱ्यावरचं काय बघून म्हणतेस? मुलगी परत कवितेत शिरली आणि ओठांवरच्या त्या कुत्सित हसण्याची ओळ शोधून आली.

म्हणून पुढच्या फोनला मी तट सोडणार आहे, पण दुसऱ्या तटातही जाणार नाही. वीस गुण ठेवा नाहीतर काढा. मला मित्रांना एवढंच विचारायचंय, की तुमच्या वर्गात शेवटचं भांडण कोणत्या शब्दावरून झालं, आणि ते मराठीत होऊ दिलंत का? माझ्या अठरा वर्षांत असं एकही झालं नाही.