हजारवाली चादर

मे महिन्यात नागपूरचा माणूस दोनच गोष्टींच्या भरवशावर झोपतो. कूलर आणि सुती चादर. कूलरच्या ताट्या बदलून झाल्या होत्या, म्हणून मी गांधीबागेत चादर आणायला गेलो. एकटाच. चूक तिथेच झाली.

दुकानदाराने गादीवर बसवलं, पाणी पाजलं आणि पंधरा चादरी उलगडल्या. "भाऊ, हात तर लावून पाहा! प्युअर कॉटन. हजार थ्रेड काउंट!" हात लावला, तर लोण्यासारखी. थ्रेड काउंट म्हणजे चौरस इंचातले उभे-आडवे धागे, एवढं मला ठाऊक होतं. पण एवढ्याशा जागेत हजार धागे मावतात कसे, हे विचारायचं सुचलं नाही. हजार म्हटलं की माणूस दबतोच.

रात्री कूलरसमोर घामाने पाठ चादरीला चिकटली. मी कूस बदलली की चादरही बदलायची.

सकाळी आईने काठातून एक धागा उपसला आणि काडी लावली. "सूत असतं तर कागदावानी जळलं असतं." धागा जळण्याऐवजी आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरून थांबला. थंड झाल्यावर तो मणी तिने माझ्या तळहातावर ठेवला. "काहून रे, तुझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते ना?"

होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या मिलमध्ये आजोबा कताई खात्यात होते. नुसत्या चिमटीत धरून सुताचा नंबर सांगायचे. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. माझ्यापर्यंत येता येता वारसाही बारीक झाला.

दुसरी चादर आईनेच आणली. लालभडक, अस्सल सुती. पहिल्यांदा वेगळी भिजवायची असते, हे मला कोणी सांगितलंच नाही. (सांगितलं होतं.) चार बनियन गुलाबी झाले. चादर अशी आटली, की उशाकडे ओढली तर पायथा उघडा. उलटी करून सावलीत वाळव म्हटलं होतं, मी गच्चीवर भर उन्हात सुलटीच टाकत गेलो. आता दोरीवरच्या घडीच्या जागी मधोमध फिकट पट्टा आहे, भांग पाडल्यासारखा. पण घाम पिते बिचारी, झोप लागते.

हजारवालीचा रंग जात नाही, ती आटत नाही, चुरगळत नाही. घडी करून कपाटात सगळ्यात वर ठेवलीय. नवतपात आतोबा मुक्कामाला येऊन राहिले, दरवर्षी आमच्या कूलरला नावं ठेवणारे.

"त्यांना ते हजारवाली टाकून दे," आई म्हणाली.