क्रेरर एकटा नव्हता, मामा

काल मामा तूर घेऊन बाजार समितीत नंबर लावून बसले होते. तिथूनच त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला: 'कॅनडाचा थॉमस क्रेरर. साधा शेतकरी. ना संघटना, ना कायदा, ना सरकारी मदत. एकट्याच्या हिमतीवर धान्याचा मोठा व्यापारी झाला, पुढे पंतप्रधान. आपले शेतकरी मात्र रडतच बसतात.' खाली मामांचं: 'खरंय रे, आपलंच चुकतं.' या शेवटच्या ओळीने डोकं फिरलं.

पंतप्रधान तो कधीच नव्हता. 1917 ला कृषिमंत्री झाला, 1919 ला आयात कराच्या भांडणात राजीनामा दिला. पुढे पुन्हा मंत्री, मग सिनेटर.

'संघटना नाही' म्हणणाऱ्याला मात्र हात जोडतो. 1907 मध्ये क्रेरर ज्या ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनीचा अध्यक्ष झाला, ती शेतकऱ्यांनी 25 डॉलरचा एकेक शेअर घेऊन उभी केली होती. डोकं सिंटालुटा गावच्या पार्ट्रिज नावाच्या शेतकऱ्याचं. 1906 मध्ये कंपनीला कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहराच्या धान्य बाजारात सौदे करायची जागा मिळाली आणि त्याच वर्षी तिला बाहेरही काढलं. गुन्हा काय, तर ज्याने जेवढा माल घातला त्याला नफ्यात तेवढा वाटा द्यायचं ठरवलं होतं! व्यापाऱ्यांच्या लेखी ही आडतीत, म्हणजे दलालीत, चोरून दिलेली सूट. शेवटी मॅनिटोबा सरकारने बाजाराला दम भरला, तेव्हा 1907 मध्ये परत घेतलं. तेही वाट्याची योजना सोडायला लावून. ही मदत नाही तर काय?

आणि कायदा? रेल्वेलगतच्या उंच कोठारांत धान्य तोलणारा, प्रत ठरवणारा, कटती मारणारा, म्हणजे कचरा-ओलाव्याच्या नावाखाली वजन कापणारा, आणि विकत घेणारा माणूस एकच असायचा. म्हणून 1900 चा मॅनिटोबा धान्य कायदा आला. शेतकऱ्याला स्वतःचा माल थेट वॅगनमध्ये भरायचा हक्क मिळाला. रेल्वे वॅगन देईना, तेव्हा 1902 मध्ये शेतकरी संघटनेने सिंटालुटाच्या स्टेशन एजंटला कोर्टात खेचलं. 50 डॉलर दंड झाला त्याला.

जमिनीचं तर बोलायलाच नको. मूळ रहिवाशांकडून तह करून घेतलेली जमीन सरकार एकेकाला 160 एकर अशी 10 डॉलर फीवर वाटत होतं.

बरं, एवढं मान्य: क्रेरर स्वतः शेती करत होता, रसेल गावचं कोठार त्याने सांभाळलं होतं, आणि खुल्या व्यापाराचा तो खराच कैवारी होता.

मामा, ते सगळं राहू द्या. काल तुमच्या तुरीवर कटती किती मारली, तेवढं कळवा.