‘ज्यांना खरा त्रास आहे ते हसत नाहीत’ : निपाणीच्या वाचकाला उत्तर

निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला तिथेच खाली चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते. चार ओळींत ते मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: बेळगावातले आम्ही पाच-सहा ऑटिस्टिक लोक टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ एका मैत्रिणीच्या माडीवर जमतो. लोक आमच्याबद्दल जे काही ठरवून बसलेले असतात त्यावर, आणि एकमेकांच्या आवडत्या विषयांवर, आम्ही तिथे पोट धरून हसतो. त्यातले काही विनोद मी लेखात दिले होते. त्यावर ‘एक बाप, निपाणी’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी:

“ताई, राग मानू नका. तुम्ही चार बोलके लोक चहा पिता, स्वतःवर विनोद करता आणि टाळ्या घेता. तुमच्यासारख्यांमुळेच माझ्या मुलाला शाळेत ‘झुकझुक गाडी’ म्हणून चिडवतात. तो 12 वर्षांचा आहे, बोलत नाही, त्याला तुमचे विनोद कळणार नाहीत. ‘अ‍ॅस्पर्जर’ हे निदान आता कुणी देत नाही, एवढं तरी माहीत करून घ्या. ज्यांना खरा त्रास आहे ते हसत नाहीत. टाळ्यांबद्दल अभिनंदन.”

दादा, तुमचं जे बरोबर आहे ते आधी घेते. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. तेव्हा अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान गेलं आणि सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच निदानात आलं. माझं निदान त्याच्या आधीचं आहे, माझ्या कागदावर तोच शब्द आहे, म्हणून तो लेखात आला. यापुढे ऑटिझम एवढंच लिहीन. हे मान्य.

आता रागाबद्दल. ‘राग मानू नका’ असं म्हणून सुरुवात करायची, मधे समोरच्याला खोटं ठरवायचं आणि जाता जाता अभिनंदन करायचं, ही कुठली रीत? सरळ शिवी दिली असतीत तर निदान उत्तर सोपं झालं असतं. तुम्हाला माझा लेख आवडला नाही, ठीक आहे. न आवडण्याची कारणं सांगा. मी टाळ्या घेते हे कुठे बघितलंत? त्या माडीवर टाळ्या कुणी वाजवत नाही. आमच्यातल्या दोघांना तो आवाज सहन होत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत तसं ठरलं होतं. हे लेखात लिहिलेलं आहे, दुसऱ्याच परिच्छेदात. तिथपर्यंत तुम्ही वाचलंत का, असा प्रश्न मला पडला.

पण ज्या वाक्याने मला झोप लागली नाही ते वाक्य वेगळंच. ज्यांना खरा त्रास आहे ते हसत नाहीत.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे. सव्वीस वर्षांची असताना आईला बरोबर घेऊन मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले होते. मी सगळं लिहून नेलं होतं: शाळेपासूनच्या गोष्टी, बाजारातल्या गोंगाटाने काय होतं, जेवणातले ठरलेले पदार्थ, डोळ्यांत बघून बोलताना समोरच्याचं बोलणंच कसं हरवतं. ते वाचत होते. तेवढ्यात आईने माझ्या लहानपणचा एक किस्सा सांगितला आणि मला हसू आलं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “ही हसते की. मग ऑटिझम कसा असेल?” झालं. फी भरली, रात्रीच्या बसने परत आलो. त्यानंतर दुसऱ्या कुणाकडे जायची हिंमत व्हायला वर्षं गेली, आणि त्या वर्षांत मी दोन नोकऱ्या सोडल्या. एका हसण्याची ही किंमत. म्हणून दादा, हे वाक्य माझ्यासमोर टाकताना जरा जपून.

आणि ही समजूत तुमची एकट्याची नाही, त्या डॉक्टरांची एकट्यांचीही नव्हती. हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी 1944 साली व्हिएन्नात जो प्रबंध लिहिला त्यातच म्हटलं आहे की या मुलांना विनोद कळत नाही, त्यांच्यावर केलेला तर नाहीच नाही. तेव्हापासून ते चाललं आहे. वर्गात सगळे मिळून ज्या मुलाची चेष्टा करतात तो मुलगा हसला नाही, तर त्याला विनोदबुद्धी नाही असा निष्कर्ष निघतो. हसण्यासारखं होतं का, हे कुणी विचारत नाही.

मला चौथीत असताना वर्गासमोर उभं करत. खानापूर तालुक्यातली शाळा होती, नाव घेत नाही. बाहेरचे पाहुणे आले की गुरुजी म्हणायचे, “ही पोरगी स्टेशनं म्हणते बघा.” मी म्हणायचे. घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी, सांबरा, बेळगाव, देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा. पाहुणे हसायचे, वर्ग हसायचा. मधल्या सुट्टीत पोरं मागून शिट्टी मारायची, “काय बघालीस गं, गाडी आली बघ.” मी त्या हसण्यात कधी सामील झाले नाही. मला कळत नव्हतं म्हणून नाही. कळत होतं म्हणून.

आता तीच स्टेशनं टिळकवाडीत. मी कॅसलरॉकच्या रेल्वेघाटाबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही. कुळें ते कॅसलरॉक हे जेमतेम सव्वीस किलोमीटर, चढण 37 ला 1 (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), मालगाडी वर न्यायची तर मागून बँकर इंजिनं लावून ढकलावी लागते. ती इंजिनं जोर लावतात तेव्हाचा आवाज पावसाळ्यात दरीत भरून राहतो. तो ऐकायला मी तासन्‌तास उभी राहिले आहे आणि त्या वेळी मला दुसरं काही नको असतं. हे मी सांगत असताना खासबागचा मित्र घड्याळ बघून म्हणतो, “लोंढ्यापर्यंत फुकट, पुढे घाटाचं तिकीट लागतंय.” सगळे हसतात, मीही हसते. हसून झालं की तोच मित्र विचारतो, बँकर उतरताना ब्रेकसाठीही लावतात का. त्याला उत्तर हवं असतं. शाळेत कुणालाही उत्तर नको होतं. तुम्हाला हा फरक दिसत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, पण दिसेल असं मला वाटतं.

या मित्राचा दुसरा एक विनोद मी लेखात दिला होता, तो इथे पुन्हा सांगते. 1988 सालच्या एका हॉलिवूडपटापासून लोकांच्या डोक्यात बसलं आहे की ऑटिस्टिक माणूस म्हणजे चालतं-बोलतं कॅलेंडर. आमच्यातल्या बहुतेकांकडे असलं काही नसतं. या मित्राकडेही नाही, त्याचा विषय गाड्यांच्या नंबरपाट्या आहे, केए बावीस आणि एमएच नऊ यांत तो रमतो. पण प्रत्येक लग्नात मंगल कार्यालयाच्या दाराशी कुणी ना कुणी त्याला अडवतंच. “तू ऑटिस्टिक नव्हं का रे? मग सांग बघू, माझा जन्म 3 मार्च 1971 चा. वार कुठला?” तो काही न मोजता सांगतो, “मंगळवार.” सगळ्यांना मंगळवार. सात जणांत एकाचा खरोखर मंगळवार निघतो, आणि तो एक जण पंगतीत सगळ्यांना सांगत सुटतो.

यात हसू कुणावर आहे? ऑटिस्टिक माणसावर नाही. तमाशा बघायला आलेल्या त्या प्रश्नावर आहे. वर्षानुवर्षं ज्याला असं अडवलं गेलं त्याने शोधलेली ही वाट आहे. रडून, चिडून, लग्नाला न जाऊन त्याने सगळे उपाय करून बघितले होते.

परदेशातही हे जुनं आहे. 1998 साली अमेरिकेत एका ऑटिस्टिक बाईने इंटरनेटवर एक खोटी संशोधन संस्था उभी केली. तिथे तथाकथित सामान्य माणसाचं वर्णन आजाराच्या भाषेत केलं होतं: सामाजिक गोष्टींचा ध्यास, सगळ्यांसारखं वागण्याचा अट्टहास वगैरे. आमच्याबद्दल ज्या सुरात लिहिलं जातं तोच सूर, फक्त उलटा फिरवलेला. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, एकट्या ऑटिस्टिक माणसाचा तो दोष नव्हे. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांच्या साखळीतून पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतर लोकांच्या साखळीइतकीच टिकली, मिसळलेल्या साखळीत जास्त गळली. आमचं आमच्यात नीट चालतं, आम्ही हे रोज अनुभवतो. माडीवर मंगळवारचा विनोद कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

तुम्ही निपाणीचे. पुण्याच्या लग्नात कुणी ‘काय करालास, कुठं जालास’ असं आपल्या बोलीची नक्कल करून हसला की तुमच्या कपाळावर आठी येत असणार. माझ्या येते. आणि आपल्याच घरी चुलतभाऊ तेच बोलून, मधे दोन कन्नड शब्द घालून सगळ्यांना हसवतो तेव्हा? तेव्हा तुम्ही त्याला म्हणता का, की तुझ्यामुळेच पुण्याचे आपल्याला हसतात? सीमाभागातल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये.

राहिला त्रास. गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीतून डॉल्बी जातो तेव्हा मी मागच्या खोलीत कानावर उशी दाबून जमिनीवर बसलेली असते. भिंत थरथरते ती पाठीला लागते. दुसऱ्या दिवशी मला बोलता येत नाही. शब्द आठवतात, तोंडातून येत नाहीत, मग मी आईला चिठ्ठी लिहून चहा मागते. त्याच आठवड्यात मी माडीवर जाऊन हसलेलीही असते. दोन्ही मीच. कोणती खरी ते तुम्ही निपाणीत बसून ठरवणार?

1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं, 2016 च्या कायद्यात 21 प्रकारांत ते आलं. माझी शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं त्याआधीचं. त्या काळात आमच्यापाशी प्रमाणपत्र नव्हतं, सवलत नव्हती, परीक्षेत जादा वेळ नव्हता. त्यामुळे ‘बोलके’ म्हणून आम्हाला जे हिणवलंत, ते बोलणं किती घासून मिळवलेलं आहे याचा हिशोब मागायला येऊ नका.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. मुलाला शाळेत चिडवतात हे वाईट आहे, त्याबद्दल शाळेत जाऊन भांडा. ती पोरं माझा ब्लॉग वाचत नाहीत. आणि त्याला विनोद कळणार नाहीत हे तुम्ही परस्पर ठरवू नका. बोलत नाही म्हणजे कळत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्याबद्दल हेच ठरवणारे पुष्कळ होते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या लेखातले फक्त दोन परिच्छेद फिरताहेत असं मला एका आईने कळवलं. ते तुम्ही टाकले असतील तर तिथे पूर्ण लेख टाका आणि हे उत्तरही टाका. तिथल्या कुणाला माझ्याशी वाद घालायचा असेल तर इथे येऊन घालावा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. फक्त ‘राग मानू नका’ने सुरुवात करू नये.