साडेतीन हात सपाट जमीन

माणसाला शेवटी साडेतीन हात जमीन पुरते असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांपैकी कोणी डोंगरातल्या जंगलात तंबू ठोकायला गेलेला नसावा, कारण ती जमीन सपाट असावी ही अट त्या वचनात कुठेच नाही. शेवटच्या मुक्कामाला ती अट लागतही नसेल, कारण तिथे कूस बदलायची नसते. पण ज्याला सकाळी उठून पुन्हा चालायचे असते, त्याच्यासाठी सगळा प्रश्न त्या एका विशेषणापाशी येऊन थांबतो. दोन माणसांच्या तंबूला साधारण सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद एवढीच जागा लागते, आणि एवढा तुकडा एखाद्या अवाढव्य पर्वताच्या अंगावर चालता चालता सापडेल, अशी माझी समजूत माझ्या मेहुण्याने करून दिली होती.

हा मेहुणा माझ्याहून बारा वर्षांनी लहान असून अत्यंत आदबशीर आहे. तो मला कधीही उलट बोलत नाही, मधे तोडत नाही आणि माझी पाठपिशवी उचलायला नेहमी पुढे येतो. त्याच्या या आदबीमुळेच आजवर मी अनेक संकटांत सापडलो आहे, कारण उद्धट माणसाला नाही म्हणता येते. "भाऊजी, तुम्ही असाल तरच मजा आहे," असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही.

आमचा मूळ बेत सभ्य माणसांचा होता. राष्ट्रीय उद्यानांमध्ये तंबूंसाठी आखून दिलेल्या जागा असतात, त्यांना क्रमांक असतात, आणि मुख्य म्हणजे त्या कोणीतरी आधीच सपाट करून ठेवलेल्या असतात. या जागांचे आरक्षण काही महिने आधी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला उघडते. त्या मिनिटाला मी घड्याळ समोर ठेवून संगणकापुढे बसलो होतो. जागा निवडल्यावर, मी मनुष्यच आहे हे सिद्ध करण्यासाठी वाहतुकीचे दिवे असलेले चौकोन निवडावेत, अशी मला सूचना झाली. दिव्याचा खांब हा दिव्याचा भाग मानावा की नाही, यावर मी प्रामाणिकपणे विचार केला. माझे मनुष्यत्व मान्य होईपर्यंत इतर मनुष्यांनी सर्व जागा घेऊन टाकल्या होत्या.

"बरंच झालं, भाऊजी," मेहुणा म्हणाला, "आता आपण खऱ्या जंगलात राहू."

खऱ्या जंगलात कुठेही पथारी पसरता येते, हा गैरसमज आहे. कुठे परवाना लागतो, कुठे ठरावीक पट्ट्यातच राहता येते, तर कुठे रात्र काढायला सरसकट बंदी असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे. मात्र वस्ती असलेल्या घरापासून किमान १५० मीटर दूर राहावे लागते. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर १९८५ च्या कायद्याने लोकांना मोकळ्या हवेतल्या करमणुकीसाठी वावरण्याची मुभा दिली. पण तंबूत रात्र काढणे त्या करमणुकीत बसते का, यावर पुढे खटला उभा राहिला. २०२३ मध्ये एका न्यायालयाने बसत नाही असे सांगितले, त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने बसते असे सांगितले, आणि २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बसते या बाजूनेच निकाल दिला. त्या न्यायमूर्तींचा पूर्ण आदर राखूनही मला असे नम्रपणे वाटते की, त्या रात्री ते आमच्या तंबूत असते, तर निकाल वेगळा लागला असता.

परवाना हाती आल्यावर मेहुण्याने नकाशा पसरला. डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. त्या दाटीने आल्या तर चढ तीव्र, आणि विरळ झाल्या तर जमीन निवांत, एवढे शाळेतले ज्ञान मलाही होते. या रेषांचा एक मोठा मान मात्र मला नंतर कळला. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शीहॅलियन या डोंगराची मापे घेतली गेली, त्यांवरून पृथ्वीची घनता काढायची होती, आणि त्या आकडेमोडीत चार्ल्स हटन या गणितज्ञाने डोंगराचे घनफळ काढण्यासाठी समोच्च रेषांचा उपयोग केला. म्हणजे या रेषांच्या आधारे एका माणसाने अख्ख्या पृथ्वीचे वजन केले, आणि त्याच रेषांच्या आधारे आम्हा दोघांना एक चटई टाकण्यापुरती जागा मिळाली नाही. दोष रेषांचा नाही. दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचे अंतर असेल, तर त्या वीस मीटरांत निसर्गाने कोणकोणते खाचखळगे, दगड आणि मुळे मांडून ठेवली आहेत, हे सांगायला नकाशा बांधलेला नसतो. उपग्रहाचे छायाचित्रही पाहिले. त्यात सगळीकडे मऊ हिरवा गालिचा अंथरलेला दिसत होता. तो गालिचा झाडांच्या शेंड्यांचा होता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्हाला पहिली जागा सापडली, आणि आजही ती डोळ्यांपुढे आली की माझा ऊर भरून येतो. पाइनच्या सुयांचा जाड थर, मागे वाऱ्याला आडोसा देणारा खडक, पुढे दरीचा देखावा. मेहुण्याने पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवली, कारण जमिनीची समपातळी तपासण्याची ही त्याची खास पद्धत आहे. बाटली जराशी हलली, अर्धे वेटोळे फिरली आणि थांबली.

"जागा छानच आहे, भाऊजी," तो म्हणाला, "पण अजून दहा मिनिटं पुढे जाऊन बघू. याहून चांगली नक्की असेल."

डोंगरात चालायला किती वेळ लागतो, याचा एक सर्वमान्य ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगून ठेवला आहे. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. माझ्या मेहुण्याची दहा मिनिटे कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. ती संपली की तिथून पुढची दहा सुरू होतात.

दुसरी जागा ओढ्याकाठी होती, आणि तिथे पोहोचताच मी पाठपिशवी उतरवून त्यावर बसूनही घेतले. परंतु मेहुण्याने वाचन केले होते. पाण्यापासून किमान साठ मीटर दूर राहावे, म्हणजे काठाची माती तुडवली जात नाही, पाणी घाण होत नाही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडत नाही, हे त्याने मला समजावून सांगितले. मला ते पटलेही. आम्ही साठ मीटर मोजून वर गेलो, तर तिथे उभे राहायलाही एका हाताने झाड धरावे लागत होते.

तिसरी जागा एका वाळलेल्या झाडाखाली होती. उभे वाळलेले झाड किंवा वर अडकून राहिलेली मोडकी फांदी वारा नसतानाही कोसळू शकते, म्हणून तंबूची जागा पाहताना आधी वर पाहावे, असा नियम आहे. मी वर पाहिले. त्यानंतर संध्याकाळभर मी वरच पाहत चाललो, त्यामुळे खालची मुळे मला एकेक करून भेटत गेली. चौथी जागा दरीच्या तळाशी, हिरवळीची आणि खरोखर सपाट होती. पण निरभ्र रात्री उतारांवरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी ओघळत तळाशी येऊन साचते, त्यामुळे तळातली रात्र बाजूच्या चढापेक्षाही गार असते. पाचवी जागा धारेवर होती. तिथे थंड हवा साचण्याची भीती नव्हती, कारण तिथे काहीच साचून राहू शकत नव्हते; शिवाय पश्चिमेला ढग जमू लागले होते, आणि विजेच्या वेळी आसमंतात सर्वांत उंच वस्तू आपण असू नये, एवढी व्यवहारबुद्धी माझ्यातही आहे. सहाव्या जागेवर मुंग्यांची आधीपासून वहिवाट होती.

मला एकाही नियमाबद्दल तक्रार करता येत नव्हती. प्रत्येक नियम शहाणपणाचा होता आणि प्रत्येकाला भक्कम कारण होते. फक्त ते सगळे नियम एकत्र पाळले, की त्यात बसणारी एकच जागा उरत होती, ती म्हणजे माझ्या घरातली झोपण्याची खोली.

साडेसहाला दाट झाडीत अंधार झाला. अंधार पडल्यावर माणसाच्या सपाटपणाच्या कल्पनेत मोठी उदारता येते, आणि साडेतीन वाजता ज्या जमिनीकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नसते, तिला सात वाजता मेहुणा "तशी बरी आहे" म्हणाला. बाटली ठेवली. ती अंधारात निघून गेली, आणि बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.

आम्ही तंबू तिथेच उभारला. डोके चढाकडे आणि पाय उताराकडे करून झोपावे, हे आम्ही कटाक्षाने पाळले. उतार फार नव्हता, पाच अंशांचा असेल. पण पाच अंश म्हणजे दोन मीटरांत डोके आणि पाय यांच्यात साडेसतरा सेंटीमीटरांचा फरक पडतो. त्यात तंबूचा तळ गुळगुळीत, हवेची गादी गुळगुळीत आणि स्लीपिंग बॅगही गुळगुळीत. डोळा लागला की मी इंचाइंचाने खाली सरकायचो, गुडघे दुमडून तंबूच्या दाराशी गोळा व्हायचो, जागा व्हायचो आणि सुरवंटासारखा पुन्हा वर चढायचो. त्या रात्री झोपेत मी दिवसभराइतकीच चढाई केली असावी.

हा उतार निदान अपेक्षित होता. जमिनीला डावीकडेही एक उतार होता, हे आम्हाला आडवे झाल्यावर कळले. "भाऊजी, तुम्ही आतल्या बाजूला झोपा, वारा लागणार नाही," असे म्हणून मेहुण्याने मला आदराने डाव्या बाजूची जागा दिली होती. मध्यरात्रीनंतर तो आदरासह संपूर्ण माझ्या अंगावर आला. मी त्याला ढकलले की तो झोपेतच "सॉरी भाऊजी" म्हणायचा, कडेपर्यंत जायचा, आणि गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा माझ्याकडे पाठवून द्यायचे. उरलेल्या वेळात दोघांच्या श्वासातली वाफ तंबूच्या छतावर थंड होऊन थेंबाथेंबाने माझ्या कपाळावर पडत होती. मेहुण्याच्या कपाळावर ती पडत नव्हती, कारण त्याचे कपाळ माझ्या खांद्याखाली होते.

सकाळी बाटली सापडली. ती खाली दीडशे पावलांवर एका खडकाला टेकून निवांत पडली होती, आणि ती जागा आमच्या जागेपेक्षा पुष्कळ बरी होती.

दुसऱ्या दिवशी मी निर्धार केला, की जी पहिली जागा दिसेल तिथे बसायचे, मग मेहुणा काहीही म्हणो. तीन वाजता जंगल विरळ झाले आणि समोर एक मोकळा चौक आला. पाणी शंभरेक मीटरांवर होते, वर एकही वाळकी फांदी नव्हती, मुंग्या नव्हत्या, आणि जागा तळालाही नव्हती आणि धारेवरही नव्हती. मेहुणा इतका थकला होता की त्याने न बोलता पिशवी उतरवली आणि सवयीने बाटली जमिनीवर ठेवली. बाटली तसूभरही हलली नाही. त्याने कृतार्थ होऊन माझ्याकडे पाहिले.

मी बाटलीकडे पाहत राहिलो. जिथून बाटली कुठेच जात नाही, तिथून पावसाचे पाणी तरी कुठे जाणार? नीट वाकून पाहिले, तर चौकाच्या कडा मधल्या भागापेक्षा किंचित वर होत्या, आणि मधली माती वाळून तडकलेली होती, जशी डबके आटल्यावर तडकते. पश्चिमेला कालचेच ढग पुन्हा जमत होते.

"जागा छानच आहे रे," मी म्हणालो आणि पिशवी पुन्हा पाठीवर घेतली, "पण अजून दहा मिनिटं पुढे जाऊन बघू."