नेपच्यूनचा रंग आणि बाबूशेठचा बोर्ड

नेपच्यूनचे दोन फोटो, एक जुना गडद निळा आणि एक नव्याने दुरुस्त केलेला फिकट हिरवट, शेजारी शेजारी लावलेला निरोप आमच्या गटावर आला आणि मालवणच्या बंदराजवळच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी दुसरा विषयच निघाला नाही. बाबूशेठ तर निवडणूक जिंकल्यासारखे आले होते. "पस्तीस वर्षं आपल्याला फसवलं," असे त्यांनी बसण्याआधीच जाहीर केले. "नासावाले रंगारी आहेत, रंगारी! त्या जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो आले तेव्हाच मी सांगितलं होतं." वास्तविक त्यांनी तेव्हा असे काहीही सांगितले नव्हते, उलट त्यातल्याच एका फोटोवर 'शुभ सकाळ' लिहून तो आम्हां सर्वांना पाठवला होता. परंतु चहा बहुधा शेठच सांगतात, त्यामुळे त्यांना मागचे काही आठवून द्यायचे नाही असा कट्ट्याचा रिवाज आहे. (संवाद अर्थातच मालवणीत झाला. प्रमाण भाषेत उतरवताना मी शिव्या गाळल्या आहेत, त्यामुळे दिगूचे बोलणे जवळजवळ निम्म्याने घटले आहे.)

मास्तरांनी घसा साफ केला. व्हॉयेजर-२ हे यान ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले, त्याने निरनिराळ्या फिल्टरांतून टिपलेली काळीपांढरी चित्रे एकमेकांवर बसवून रंगीत चित्र तयार झाले, आणि ढग व पट्टे ठळक दिसावेत म्हणून त्यातला निळा मुद्दाम गडद करण्यात आला, तशी नोंदही त्या वेळी चित्रासोबत होती, हे त्यांनी एका दमात सांगितले. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये हबल ही अवकाशातली दुर्बीण आणि चिलीतील व्हीएलटी ही जमिनीवरची दुर्बीण यांच्या मोजमापांवरून हे रंग पुन्हा बसवले, तेव्हा नेपच्यून जवळपास युरेनससारखाच निघाला. मिथेन वायू दोघांच्याही वातावरणात तांबडा प्रकाश शोषतो. नेपच्यूनवरचा धुरकट थर पातळ असल्यामुळे तो किंचित अधिक निळा दिसतो, इतकाच फरक.

"म्हणजे फसवलंच की!" शेठ म्हणाले.

"कोणी?" दिगूने विचारले. तो शेठचा वर्गमित्र असल्यामुळे त्यांना अरे-तुरे करण्याचा अधिकार कट्ट्यावर त्याला एकट्यालाच आहे. "चित्राखालची ओळ त्यांनी लिहिली होती. ती कापून चित्र पुढे ढकलणारे सगळे तुझ्यासारखे."

शेठ माघार घेणाऱ्यांपैकी नव्हेत. मास्तरांच्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, आपण स्वतः पाहिला आहे, तो राखेचा पुसट डाग होता, गुलाबी कुठेही नव्हता, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, कॅमेरा मात्र तोच प्रकाश बराच वेळ साठवत राहतो, हे मास्तर समजावू लागले, पण त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच दिगू म्हणाला, "समोर दर्यात तुझ्या भाऊबंदांनी एलईडीचे दिवे पेटवलेले असताना डाग तरी दिसला, हेच नशीब समज." यावर एलईडीची मासेमारी, तिच्यावरची बंदी आणि दिगूच्या घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) असा जुना वाद उकरला गेला, तो इथे देण्यात अर्थ नाही, दोन्ही बाजूंची वाक्ये आम्हांला पाठ आहेत.

त्या वादातून दिगूने मात्र नेमके हत्यार उचलले.

"तुझ्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये फिशफाइंडर आहे. त्यावर बांगड्यांचा थवा कसा दिसतो?"

"लाल. दाट असला की भडक लाल," शेठ अभिमानाने म्हणाले.

"बांगडा लाल असतो?"

शेठनी चहाचा पेला तोंडाला लावला. ते यंत्र पाण्यात आवाज सोडते, प्रतिध्वनी जोरात आला तर पडद्यावर लाल उमटवते, क्षीण आला तर निळा, आणि बटण फिरवले की हे सारे रंग बदलताही येतात, हे शेठना आम्हां सगळ्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. "त्या लाल डागावर विश्वास ठेवून तू पिंपभर डिझेल जाळतोस," दिगू म्हणाला, "आणि वेबने डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला रंग दिला की तो रंगारी!"

मास्तरांना आता राहवेना. वेबच्या चित्रांत बहुधा लांब लहरींना तांबडा आणि आखूड लहरींना निळा रंग देतात, म्हणजे क्रम निसर्गाचाच राहतो, असे सांगून ते गरुड तेजोमेघातल्या वायू आणि धुळीच्या त्या प्रसिद्ध खांबांकडे वळले. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या खांबांच्या हबलने १९९५ मध्ये घेतलेल्या चित्रात गंधक तांबडा, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवला आहे. हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही इथे टिपलेला प्रकाश मुळात तांबडाच असतो, त्यामुळे 'खरा' रंग ठेवला असता तर दोन्ही एकात मिसळून गेले असते आणि कोणता वायू कुठे आहे हे कळलेच नसते. मला स्वतःला हा मुद्दा संपूर्ण चर्चेत सर्वांत मोलाचा वाटला. शेठ त्या वेळी मोबाइल पाहत होते.

मान वर करून त्यांनी नवा पुरावा मांडला: मंगळाचे आकाश. नासाचे व्हायकिंग-१ हे यान जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरले, तेव्हाच्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखवले गेले होते, ही गोष्ट त्यांना नेमकी त्याच क्षणी सापडली होती. मास्तरांनी ती मान्य केली आणि कॅमेऱ्याची मापे नीट लावताच शास्त्रज्ञांनी ते लगोलग बदलून फिकट गुलाबीसर केले, हेही सांगितले. कारण तिथल्या हवेत धूळ भरलेली असते.

"चूक सापडताच स्वतः सांगून मोकळा होणारा फसव्या मी अजून पाहिलेला नाही," दिगू म्हणाला. "तुझ्या भाच्याच्या स्कूबाच्या बोर्डावर ते पिवळे पट्टेवाले मासे कित्येक पावसाळे पोहत आहेत. परवा पुण्याचे पाहुणे पाण्यातून वर येऊन विचारत होते, की बोर्डावरचे मासे कुठे गेले."

"ते मासे खरे आहेत!" शेठ उसळले.

"खरेच आहेत, पण लक्षद्वीपचे. रंग बदलला तर मी समजू शकतो, बाबू. तू समुद्रच बदललास. निदान खाली एक ओळ लिही: मासे लक्षद्वीपचे, पाणी इथले."

शेठनी क्षणभर गंभीरपणे विचार केला. "पाणी तरी इथलं कुठे आहे?" ते म्हणाले. "तेही त्याच फोटोतलं."

मास्तरांना हसताना ठसका लागला, आणि चहाचे पैसे त्या दिवशी दिगूला द्यावे लागले.