कोऱ्या वहीचा फोटो

आज सकाळी बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी लेकाच्या कोऱ्या वहीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "जूनपासून नुसतं खेळवतायत. फी कशाची घेतात?" त्यावर धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

मागच्या आठवड्यात मदतीला म्हणून मी त्याच वर्गात होते. मुलांनी खुर्च्या मांडून एसटी केली. कंडक्टर कोण, तर याच बाबांचा चार वर्षांचा मुलगा. गळ्यात जुनी पर्स, तिकिटं म्हणून वाळकी पानं. खुर्च्या पाच, प्रवासी सात. "दोघं उभे राहा. घाट आला की घट्ट धरा!" एक मुलगी खिडकीसाठी रडायला लागली. कंडक्टरने गाडी थांबवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "घाटापर्यंत तू बस, मग तो बसेल." ताई कोपऱ्यातून बघत होत्या, मधे पडल्या नाहीत.

सातातून पाच गेले, उरले दोन. हे त्या वहीत लिहिलेलं असतं तर फी वसूल झाली असती ना?

या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात हो! त्या हातात पेन्सिल कोंबून पानभर 'अ' गिरवून घ्यायचा, पोर रडलं तर दटावायचं. कशासाठी? कणीक मळू दे, मणी ओवू दे, या वाटीतलं पाणी त्या वाटीत ओतू दे. लिहिणारा हात त्यातूनच घडतो.

आणि हे कुठलं नवं फॅड नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ सोबतीला. महागडी साधनं गावात कुठून येणार? मग पानं, बिया, शंख-शिंपले हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही खेळातून शिक्षण आलंय. आपल्याकडे ते इतकी वर्षं होतं, आणि आपणच वह्या तपासत बसलोय.

पुढच्या शाळेत बाकीची मुलं लिहिता येऊन येतील, आपलं मागे पडेल, ही भीती खोटी नाही. मान्य.

त्या बाबांवरचा राग लिहिता लिहिता थोडा उतरला. रात्रपाळी करून माणूस मुलाला सोडायला येतो, दारातूनच परत जातो. घरी विचारलं की मूल सांगतं, "खेळलो." कंडक्टर झालेला लेक त्यांनी पाहिलाच नाही. तिकिटाचं पान देताना काय रुबाब होता त्याचा! उद्या दारातच गाठून त्यांना सगळं सांगणार आहे.

पण शनिवारी पालकसभा आहे आणि तिथे कुणी लेखनाच्या गृहपाठाची मागणी केली, तर मी उभी राहून विरोध करणार. ज्यांची मुलं या वर्गात आहेत त्यांनी कृपया या, आणि मागे बसून नुसती मान डोलावू नका.